मदत हवी आहे: साध्या लंबकावरून जीची किंमत १०.७ का येते?

प्रश्न
नमस्कार. गुरुत्व त्वरणाचं (जीचं) प्रॅक्टिकल मुंबईत केलं, पण उत्तर प्रत्येक लांबीला जास्तच येतंय. पितळी गोळा, व्यास २ सेंमी. दोरा आधारापासून गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत मोजला. २० आंदोलनांचा वेळ असा:

६० सेंमी: २९.८० सेकंद
८० सेंमी: ३४.३४ सेकंद
१०० सेंमी: ३८.३४ सेकंद

जी अनुक्रमे १०.६७, १०.७१, १०.७४. स्टॉपवॉच बदलूनही तेच. चूक कुठे होतेय?

प्रतिसाद १
स्टॉपवॉच ठीक आहे, मोजणी चुकली आहे. सूत्रात आंदोलनकालाचा, म्हणजे एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग छेदात असतो, त्यामुळे वेळ ५ टक्के कमी भरला की जी १० टक्क्यांच्या आसपास फुगतो. २० मधलं १ म्हणजे बरोबर ५ टक्के. घड्याळ सुरू करताना तुम्ही ‘एक’ म्हणालात, म्हणून ‘वीस’पर्यंत १९च आंदोलनं झाली. त्याच वेळांना १९ ने भागून बघा: ९.६३, ९.६७, ९.७० येतील.

पुन्हा करताना गोळ्याच्या स्थिर जागेखाली कागदावर रेघ मारा. गोळा रेघेवरून एकाच दिशेने जाताना ‘तीन, दोन, एक, शून्य’ म्हणा आणि शून्याला घड्याळ दाबा. टोकाला दाबू नका. तिथे गोळा रेंगाळतो आणि नेमका क्षण सापडत नाही. मधून तो सर्वांत वेगाने जातो.

प्रतिसाद २
वरचं बरोबर, पण ते तीन आकडे पुन्हा बघा. लांबीबरोबर उत्तर चढत जातंय. प्रत्येक लांबीत ठरावीक तूट असली की असंच होतं: १ सेंमीची तूट ६० ला जास्त जाणवते, १०० ला कमी. ही तूट म्हणजे गोळ्याची त्रिज्या. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची. ६१, ८१, १०१ घाला, तिन्ही वेळा ९.७९ मिळेल.

दोरा खिळ्याला गुंडाळू नका, चिरलेल्या बुचाच्या दोन फाकांत घट्ट धरा. नाहीतर झुलताना टांगण्याची जागाच सरकते. १०० सेंमीला गोळा ८ सेंमीपेक्षा जास्त ओढू नका. २० अंशांपर्यंत ओढला तर आंदोलनकाल पाऊण टक्का वाढतो, जी दीड टक्का घटतो.

प्रश्नकर्ता
आलं! तिन्हींना ९.७९. पुस्तकात ९.८ आहे, मग हा फरक मुंबईच्या अक्षांशामुळे असं निष्कर्षात लिहू का?

प्रतिसाद २
नको. मुंबईला जी ९.७९ च्या जवळ आहे हे खरं; विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवांवर ९.८३. पृथ्वी फिरते आणि विषुववृत्ताशी फुगलेली आहे, म्हणून. पण ३८ सेकंदांत ०.१ सेकंद इकडेतिकडे झाला तरी जी ०.०५ ने हलतो. इतका बारीक फरक या रीडिंगांतून सिद्ध होत नाही.

१६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे यांना दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेनला असा फरक दिसला, कारण पॅरिसला नीट चालणारं त्यांचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडत होतं. दिवसभराची तूट साठत गेली म्हणून ती पकडता आली. तुम्हीही २० ऐवजी १०० आंदोलनं मोजा. मग ०.१ सेकंदाची चूक जीमध्ये ०.०१ इतकीच उरते, आणि लांबी मिलिमीटरपर्यंत अचूक मोजणं हेच अवघड काम राहतं.