अनोळखी माणसावर विश्वास बसतो तो त्याच्या नावामुळेच, म्हणजे लौकिकामुळेच, पटतंय का?

पाऊलखुणा:
ज्याच्याशी परत गाठच पडणार नाही त्याला पदरमोड करून मदत कशाला करायची? तो परतफेड करणार नाहीये, पण जे बघतायत ते करतील, कारण तुमचं नाव झालेलं असतं. नोवाक आणि सिग्मुंड या संशोधकांनी १९९८ मध्ये याचं गणिती मॉडेल मांडलं. मदत केली की एक गुण वाढतो, नाकारली की एक कमी, आणि पुढचा माणूस तो गुण बघून ठरवतो. हिशोब असा की मदतीला खर्च १ आणि घेणाऱ्याला फायदा ४ असेल, तर समोरच्याचं नाव कळण्याची शक्यता २५ टक्क्यांच्या वर हवी, मग सहकार्य टिकू शकतं. माझ्या मते विश्वासाचा पाया हाच, बाकी सगळं नंतर.

उलटतपासणी:
अजिबात पटलं नाही. लबाड माणसाला मी मदत नाकारली तर गुण कोणाचा कमी होणार? माझाच! बघणाऱ्याला नकार दिसतो, कारण दिसत नाही. मग लबाडाला धडा शिकवायचा तर आपलं नाव खराब करून घ्यायचं, हे कोण करेल? लाइमार आणि हामरस्टाइन यांनी २००१ मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं.

पाऊलखुणा:
बरोबर, पण म्हणून तर पुढे नियम सुधारले ना. ओत्सुकी आणि इवासा यांनी कोणाला चांगलं आणि कोणाला वाईट ठरवायचं याचे असे ८ नियम शोधले ज्यात सहकार्य टिकतं, आणि त्या सगळ्यांत वाईटाला दिलेला नकार चांगल्या माणसाचं नाव बिघडवत नाही.

उलटतपासणी:
त्यात सगळ्यांचं मत एकच धरलंय, खरी गोम तिथेच आहे. समजा 'अ'ने 'ब'ला नकार दिला. माझ्या लेखी 'ब' चांगला, तू मात्र एकदा चुकीचं ऐकलंस म्हणून तुझ्या लेखी वाईट. मग 'अ' मला वाईट वाटणार आणि तुला योग्य. उद्या मी 'अ'ला मदत नाकारली की तू मलाच वाईट ठरवणार, मग मी तुला, आणि हे असंच पसरत जातं, कोणी लबाडी केलेली नसताना. हिल्बे वगैरेंनी २०१८ मध्ये हे तपासलं, प्रत्येकाचं मत खाजगी आणि माहिती अर्धवट असेल तर हेच नावाजलेले ८ नियम डगमगतात.

धागेदोरे:
तुम्ही दोघंही नेटवर्क, म्हणजे कोणाची कोणाशी ओळख आहे ते जाळं, विसरताय. ओत्सुकी, नोवाक वगैरेंचं २००६ चं काम बघा, फायदा भागिले खर्च हा आकडा प्रत्येकाच्या सरासरी शेजाऱ्यांच्या संख्येपेक्षा मोठा असेल तर नाव वगैरे काही नसतानाही सहकार्य तग धरतं. म्हणजे ओळखी थोड्या आणि पक्क्या असल्या तरी भागतं. हजारो ओळखी झाल्या की मगच नावाची गरज पडते असं मला वाटतं.

पाऊलखुणा:
पण आज हजारो ओळखीच आहेत की! ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटवर एक प्रयोग झाला होता, २००६ मध्ये छापून आला. एकाच अनुभवी विक्रेत्याने जुनी पोस्टकार्डं काही आपल्या नावाजलेल्या आयडीवरून विकली, काही कोऱ्या आयडीवरून. नावाजलेल्या आयडीला ग्राहक सुमारे ८ टक्के जास्त द्यायला तयार होते. माल तसाच, माणूस तोच, फरक फक्त नावाचा.

उलटतपासणी:
मग ईबेचंच पुढचं पण सांग ना. ग्राहकाने वाईट शेरा दिला की विक्रेता उलट वाईट शेरा द्यायचा, त्या भीतीने लोक खरं लिहायचेच नाहीत. शेवटी २००८ मध्ये विक्रेत्यांनी ग्राहकांना वाईट शेरा देणंच ईबेला बंद करावं लागलं. नावाला किंमत आली की त्याच नावाची भीती घालता येते, आणि जो बिचारा नवीन आलाय त्याला तर ते ८ टक्के कायम कमीच.

पाऊलखुणा:
पण बघ, नाव ठेवणं बंद नाही केलं, नियम बदलला. आणि मतं वेगळी पडतात म्हणतोस तर लोक आपसात बोलतात की, बोलून बोलून मतं जुळतात.

उलटतपासणी:
जुळतात, पण कोणाच्या बाजूने? ज्याच्या ओळखी जास्त त्याचं ऐकलं जातं. तो खोटं बोलला तर अख्खं नेटवर्क एकमताने चुकीच्या माणसाला वाळीत टाकेल. त्याला कोण पकडणार, ते सांग आधी.