वठला, वटला, बेतला: 'स्वामी' मालिकेच्या निमित्ताने

चिंचेचा कोळ
मंडळी, एक शब्द अडलाय. तो पोस्टकार्डात अडलाय आणि लिहिणारी आता नाही, म्हणून तुम्हाला विचारतेय.

माझ्या आजीची थोरली बहीण, अक्काआजी, इंदूरला असायची. तिच्या घराची आवराआवर झाली तेव्हा आजीने तिला लिहिलेली कार्डं दोऱ्याने बांधलेल्या गठ्ठ्यात आमच्याकडे परत आली. त्यातली सहा-सात कार्डं दूरदर्शनवर 'स्वामी' लागायची त्या दिवसांतली आहेत. दोघीही रणजित देसायांच्या, थोरल्या माधवराव पेशव्यांवरच्या या कादंबरीच्या वेड्या. आमच्या घरातली प्रत अजून आहे, पाठीला चिकटपट्टी आणि रमाबाईंच्या पानांवर चहाचे डाग. पण मुंबई दूरदर्शन पुण्यात दिसायचं, इंदुरात नाही. मग भाग झाला की दुसऱ्या दिवशी आजी अक्काला कार्ड टाकायची. म्हणजे अक्काआजीने ही मालिका १५ पैशांच्या कार्डांवरच पाहिली म्हणायची!

पहिल्या कार्डात आहे:

"ती. सौ. अक्कास कृ. सा. न. वि. वि. काल स्वामी लागली. माधवराव छान वठला आहे. रमा सोज्ज्वळ, तुला आवडेल. पुस्तकावर बेतली आहे पण पुस्तक नव्हे. तुझ्या मनातला राघोबा वेगळा, माझ्या मनातला वेगळा, आणि हा तिसराच."

आणि बऱ्याच नंतरच्या एका कार्डात: "माधवराव आता वठत चालला आहे. बघवत नाही."

'वठणे' म्हणजे झाड वाळणे एवढंच मला माहीत. आमच्या वाड्यातला आंबा वठला होता. मग माणूस छान कसा वठेल? की आधी छान काम करणारा नट पुढे बिघडला, असं आजीला म्हणायचंय? शाई फुटलीय, त्यामुळे दुसऱ्या कार्डातला ठ हा ट सुद्धा असू शकेल.

निवृत्त कॅशियर
ताई, आजींचं पहिलं वाक्य एकदम शुद्ध आहे. भूमिका 'वठते', नट ती 'वठवतो'. ठसा नीट उमटावा तसं. चित्र हुबेहूब वठलं, असंही म्हणतात. झाडाचं वठणं वेगळं. दोन्हींत ठ आहे, पण त्यापलीकडे एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडायला जाऊ नका. भाषेत असे जुळे भाऊ असतात, कधीकधी तर चुलत सुद्धा नसतात.

ट वाला शब्द मात्र आमच्या खिडकीतला. चेक वटतो, हुंडी वटते, ड्राफ्ट वटतो. न वटलेल्या चेकांवर मी आयुष्याची बत्तीस वर्षं घालवली. 'वटाव', 'वटणावळ' हे त्याच घरातले. पेशवाईत तर वटणावळीशिवाय पान हलत नसे. अंकुशी रुपया वेगळा, चांदवडी वेगळा, एक देऊन दुसरा घ्यायचा तर मध्ये सराफाचा बट्टा. तुमच्या माधवरावांनी अखेरच्या आजारात थेऊरला शेवटच्या इच्छांची जी याद करून ठेवली तिच्यातसुद्धा कर्ज फेडण्याचं कलम आहे. सत्ताविसाव्या वर्षी मरताना माणूस सावकारांचा विचार करतो, हे आमच्या बँकेतल्या काही बड्या खातेदारांना वाचून दाखवावं असं फार वाटायचं.

तेव्हा 'भूमिका वटवली' असं कोणी लिहिलं की मला विचारावंसं वाटतं, कुठल्या शाखेत?

सिनेमावेडा
काका, शेवटची ओळ जबरा.

नट पुढे बिघडला ही शंका मात्र आजीच्या पिढीपुढे काढू नका ताई. रवींद्र मंकणींचा माधवराव म्हणजे त्या पिढीच्या डोक्यात बसलेला पेशवा. आमच्या घरात आजही पुस्तक उघडलं की आईला त्यांचाच आवाज ऐकू येतो, आणि तिने पुस्तक मालिकेच्या आधी दहा वर्षं वाचलेलं होतं! तेव्हाची मृणाल देव, म्हणजे आताच्या मृणाल कुलकर्णी, रमाबाई. दिग्दर्शक गजानन जागीरदार. १९४४ च्या प्रभातच्या 'रामशास्त्री'त रामशास्त्री झाले होते ते हेच जागीरदार. चाळीसेक वर्षांनी तोच माणूस त्याच दरबाराकडे परत आला.

आणखी एक गंमत, शब्दाशी संबंध नाही तरी सांगतो. २०१४ च्या 'रमा माधव'मध्ये मंकणी झाले नानासाहेब आणि मृणाल कुलकर्णी गोपिकाबाई, दिग्दर्शनही त्यांचंच. म्हणजे आमच्या रमा-माधवाला बढती मिळून ते माधवरावांचे आईबाप झाले. थिएटरात आई शेवटपर्यंत कुजबुजत होती, "अगं बाई, ही सासू झाली."

शुद्धलेखन सोडून बोला
मूळ प्रश्नाकडे या हो. 'पुस्तकावर बेतली आहे' हे मला खटकलं. कादंबरीचं मालिकेत होतं ते रूपांतर. किंवा हल्ली म्हणतात तसं माध्यमांतर. 'बेतणे' हे वर्तमानपत्री झालं.

टाचणी
वर्तमानपत्री? दादा, बेतणे आमच्या दुकानातलं आहे, वर्तमानपत्राने ते आमच्याकडून नेलं.

माझे वडील शिंपी. कापड आधी पाण्यातून काढायचं, वाळवायचं, इस्त्री मारायची, मग टेबलावर चौघडी पसरून खडूने आखायचं. अंगाची मापं वहीत असतात, पण कापड किती आलंय, पन्हा किती आहे, काठ कुठे घ्यायचा, हे बघून ती मापं कापडावर बसवायची. त्याला बेतणं म्हणतात. कातर त्यानंतर लागते. बेतलं चुकीचं तर नुसतं शिवून काही होत नाही. वडील म्हणायचे, शिवायला कोणीही शिवतं.

आता सांगा, मोठी कादंबरी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भागांत बसवायची, तिला याहून नेमका शब्द कुठला? 'माध्यमांतर' म्हटलं की मला एसटीने गावांतर केल्यासारखं वाटतं. सामान तेवढंच, फक्त स्टँड बदलला. बेतताना कापावं लागतं, हे त्या शब्दात येतच नाही. आणि पुस्तकवेड्यांची सगळी भांडणं तर कापण्यावरूनच असतात ना? अमुक प्रसंग गाळला, तमुक आटोपता घेतला.

शिवाय आमच्यात 'माया ठेवणे' असतं. शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्त सोडायचं, अंग भरलं तर पुढे उसवून सैल करता येतं. त्या जादा कापडाला माया म्हणतात. ज्यांनी माया ठेवून बेतलं त्यांच्या मालिका लोकांना पुस्तकाच्या आठवणीसह अंगात घालता येतात. नाहीतर काखेत काचते.

शुद्धलेखन सोडून बोला
मायेचं माहीत नव्हतं. पण रूपांतराला एवढं पायदळी तुडवू नका. मराठी रंगभूमी रूपांतरांवर वाढलीय. देवलांचा 'झुंजारराव' म्हणजे ऑथेल्लो, पुलंची 'ती फुलराणी' म्हणजे पिग्मॅलियन. तिथे नावं, गावं, बोली, सगळं आपलं केलं. तेव्हा परक्या घरचं आपल्या घरात आणून त्याचं रूप बदलणं हे रूपांतर. 'स्वामी'त तसं काय बदललं? माधवराव माधवरावच राहिले, शनिवारवाडा शनिवारवाडाच. हां... म्हणजे माझ्याच बोलण्याने रूपांतर इथे बसत नाही. बेतली तर बेतली. माध्यमांतर शब्द मात्र विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेसाठी राखून ठेवू, तिथे दहा मार्कांना येतो.

ताम्रपर्णीकाठ
देसाई आमच्या कोवाडचे, त्यामुळं ह्या धाग्यावर न लिहून कसं चालंल.

बेतण्याची दुसरी बाजू कुणी काढली नाही. जिवावर बेतणं. 'स्वामी'त तीच तर सगळी गोष्ट आहे. १७६१ ला पानिपत झालं, नानासाहेब गेले, सोळा वर्षांच्या पोराच्या अंगावर पेशवाईची वस्त्रं आली. ती कुणाच्या मापानं बेतलेली होती काय माहीत, पण त्याच्या जिवावर बेतली. आळेगावला राघोबाकाकापुढं नमतं घेतलं, राक्षसभुवनला निजामाला हाणला, धोडपला काकाला धरून आणला. ह्यालाच म्हणतात वठणीवर आणणं, त्यातही ठच हाय बरं का. आणि मग राजयक्ष्म्यानं सत्ताविसाव्या वर्षी थेऊरात संपला.

बेताची परिस्थिती, बेताची उंची, बेतशुद्ध हेही त्यातलेच. एक काना-मात्रा इकडंतिकडं झाली तर 'कादंबरीवर बेतलेली' ची 'कादंबरीपुढं बेताची' होत्या. तेवढं जपून लिवा.

टाचणी
ताम्रपर्णीकाठ, वस्त्रं जिवावर बेतली हे मी वडिलांना वाचून दाखवणार आहे. त्यांनी 'स्वामी' तीनदा वाचलंय, कामाच्या टेबलाखाली ठेवून.

वऱ्हाडी ठेचा
मले एक सांगा, 'स्वामी लागली' म्हंते आजी. पेशवा गडी, स्वामी म्हणजे धनी, तोही गडी. मग लागली कशी काय?

चिंचेचा कोळ
कारण कादंबरी ती, मालिका ती, सिरीयल ती. "स्वामी वाचली का?" "वाचली ना, दोनदा." आमच्या घरात तर "स्वामी कुठंय?" "उशाशी पडलीय" असं चालायचं, आणि पाहुणे दचकायचे. 'लागणे' मात्र मला फार आवडतं. टीव्हीवर काही 'लागतं', जसं दूध लागतं, वेळ लागतो, लळा लागतो. तेव्हा एकच वाहिनी, एकदा चुकला तो भाग चुकला. आता मालिका कधीही बघता येते, म्हणून ती 'लागत' नाही. माझी भाची 'बघून टाकली' म्हणते.

बरं, पण माझं दुसरं कार्ड राहिलं. वठत चालला म्हणजे?

निवृत्त कॅशियर
हे झाडाचं वठणं. व्याकरण बघा. भूमिका वठली, वठली आहे, वठवली. क्रिया पुरी झालेली. ठसा उमटतो तो उमटतो, हळूहळू उमटत बसत नाही. भूमिका 'रंगत गेली' म्हणतात, 'खुलत गेली' म्हणतात. 'वठत चालली' मी तरी ऐकलेलं नाही. वठत चालतं ते झाड. एक फांदी, मग दुसरी, मग शेंड्याकडून खाली. क्षय झालेला माणूस तसाच वाळतो. आजींना माधवरावांची तब्येत म्हणायचीय, मंकणींचा अभिनय नव्हे. 'बघवत नाही' हे त्याचंच.

सिनेमावेडा
पण काका, माणसाला वठला म्हणतात का? झिजला, खंगला म्हणतात. मला वाटतं ती गंमत करतेय. पहिल्या कार्डात 'छान वठला' लिहिलेलं तिला आठवत असणार. वठलेला माधवराव वठत चालला, असा श्लेष. पुस्तक पाठ असणारी बाई आहे, एवढं तर करणारच.

निवृत्त कॅशियर
श्लेष असेल तर मग ठच हवा, ट असून चालणार नाही. ती शाई फुटलीय तिथे ताईंनी भिंग लावून बघावं. ठ चं पोट बंद असतं.

चिंचेचा कोळ
भिंग लावलं. नुसता डाग दिसतो. पण दुसरंच काहीतरी सापडलं.

त्या कार्डावरच्या वरच्या सहा ओळी मी घरगुती म्हणून सोडून दिल्या होत्या. आज वाचल्या. त्यात आहे: "तू पाठविलेला ड्राफ्ट सोमवारी वटला, रक्कम खात्यात जमा झाली. माझ्या मोतीबिंदूची काळजी करू नको." इथे शाई फुटलेली नाही. स्वच्छ ट आहे, खाली उघडा. म्हणजे एकाच कार्डावर, एकाच पेनाने, आजीने ड्राफ्टला ट दिला. माधवरावांनाही तोच दिला असता तर फुटून एवढा गोल डाग झाला नसता. शिवाय 'वटत चालला'चा अर्थच लागत नाही.

आणि टाचणीताई, तुमच्यासाठी. त्याच्या पुढच्या कार्डात आजी लिहिते, "तुझे पोलके बेतून ठेवले आहे. माया सोडली आहे, तू बारीक झालीस असे ऐकते." मी आत्तापर्यंत समजत होते की आजी मायेने शिवते असं म्हणतेय.

टाचणी
दोन्ही असेल. पोलक्याचं कापड आहे का अजून?

चिंचेचा कोळ
नाही. शेवटचं कार्ड आहे, त्यात फक्त पत्ता आणि दोन ओळी. "काल संपली. पुस्तकात शेवट ठाऊक होता तरी रात्री जेवले नाही. तू पुन्हा वाचायला घेऊ नकोस, प्रकृतीला बरे नाही."