मदत हवी आहे : आजीच्या ओव्यांची कॅसेट

आजी गेल्या वर्षी सोलापूरच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत गेली, ९१ वर्षांची होऊन. वर्षश्राद्धाला सगळ्यांना तिचा आवाज ऐकवायचाय. विड्या वळताना म्हटलेल्या ओव्यांची ९० मिनिटांची एकच कॅसेट आहे. मध्येच पानं कातरणाऱ्या कात्रीचा आवाजही येतो. जुन्या टेपवर दोन मिनिटं वाजली आणि फीत गुंतली. पेन्सिलीनं गुंडाळून घेतली, तुटलेली नाही, पण कडेला पांढरी बुरशी दिसतेय. त्यानंतर लावायची हिंमत केली नाही. इथं सोलापुरात नवी पेठेत दोन दुकानदारांनी हात वर केले. कॅसेटला स्क्रू आहेत, उघडता येईल. कुरिअरनं मात्र पाठवणार नाही. बुरशी कोरडी पुसायची की स्पिरिटनं? आणि सोलापुरात, फार तर पुण्यात, समोर बसून कॉम्प्युटरवर उतरवून देणारं कोणी आहे का?