वाडीवरच्या चढाला एसयूव्हीच लागते का? मला नाही पटत

जांभ्याचा चिरा (गुहागर)
यंदा गणपतीला वाडीत ज्या नव्या गाड्या आल्या त्यातल्या बहुतेक उंच, चौकोनी, एसयूव्ही म्हणून घेतलेल्या. माझं स्पष्ट मत आहे की हे नाव फसवं आहे. चार मीटरच्या आतल्या ज्या एसयूव्ही आपण घेतो त्यातल्या बहुतेक खरं म्हणजे उंच केलेल्या हॅचबॅक (वेगळी डिकी नसलेल्या छोट्या गाड्या), बॉडी मोनोकॉक म्हणजे वेगळ्या चॅसीशिवाय एकसंध आणि इंजिनची ताकद पुढच्या चाकांना. चार मीटर हा आकडा पण रस्त्याची गरज बघून आलेला नाही, २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनच्या गाड्यांची एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, २४ वरून १६ टक्के झाली आणि तिथून कंपन्या त्या मापात गाड्या बसवायला लागल्या.

आता आमच्या घराचा रस्ता सांगतो. डांबर संपलं की सिमेंटचा उभा चढ, पावसात शेवाळ. मागे तिघं बसले, डिकीत सामान भरलं की चढावर वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि जागच्या जागी फिरत राहतात. चुलत भावाची उंच गाडी अशीच अर्ध्यावर अडकली, सगळ्यांना उतरवलं, चाकाखाली पोती टाकली तेव्हा वर गेली. त्याच चढावर मासेवाल्याची इको (मारुतीची व्हॅन) भरलेली असली तरी आरामात चढते कारण तिची मागची चाकं ताकद लावतात, वजन मागे गेलं की पकड उलट वाढते. म्हणून म्हणतो, शेप नका बघू, ताकद कुठल्या चाकांना जाते ते बघा. बाबांसाठी गाडी घ्यायचीय, माझं मत इकोच.

कलमवाला देवगड
गाडी खंयची पण घे, पावसात चढ चढाक व्हयी, हा मुद्दा मान्य. पण मग इकोवर का थांबता? बोलेरो घ्या ना. तीही मागच्या चाकांवर चालते, खाली लॅडर फ्रेम म्हणजे शिडीसारखी वेगळी लोखंडी चॅसी, मागे पाट्यांचं सस्पेन्शन. आमच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरून कातळावरून जाते, इको तिथे पोटाला घासली असती. खरी एसयूव्ही आणि नावाची एसयूव्ही यात फरक करा, सगळ्यांना एका मापात मोजू नका.

पनवेल ते रत्नागिरी
दादा, तुम्ही दोघं शेवटच्या अर्ध्या किलोमीटरचाच विचार करताय. मी महिन्यातून दोनदा मुंबई-गोवा हायवे करते, डिझायरने, म्हणजे सेडानने. बोलेरोसारखी उंच लॅडर फ्रेमची गाडी घाटातल्या वळणावर झुलते, मागे बसलेल्या आईला कशेडी घाट येईपर्यंत मळमळतं (आता बोगदा झाल्यापासून जरा बरं आहे), सेडान बुटकी म्हणून रस्ता धरून चालते. आणि हे कोणी बोलत नाही पण डिकी वेगळी असण्याचा फायदा कोकणातल्या माणसालाच कळतो. सुकट, सोडे, पिकलेला फणस डिकीत टाकला की आत केबिनमध्ये वास नाही. हॅचबॅकमध्ये नि एसयूव्हीमध्ये डिकी म्हणजे मागच्या सीटच्या पाठीमागचाच कोपरा, मुंबईपर्यंत काचा उघड्या ठेवून जा. माझी डिझायर आणि ब्रेझा एसयूव्ही दोन्ही ३९९५ मिलिमीटरच्या, म्हणजे लांबी तीच.

खाडीपलीकडचा
ताई, लांबी तीच पण ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची जागा, डिझायरचा १६३ आणि ब्रेझाचा १९८ मिलिमीटर. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने जायचं असेल आणि ओहोटी असेल तर उतार इतका तिरका होतो की सेडानचं पुढचं नाक रॅम्पला टेकतं. माझा बंपर दोनदा घासलाय, चूक कोणाची नाही, पाणीच खाली गेलेलं असतं. पुढच्या चाकाच्या पुढे बॉडी किती बाहेर आलीय ते पण मोजा, नुसता क्लिअरन्स नको.

वाशिष्ठीकाठ
उंचीवर इतका विश्वास ठेवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पाणी आलं तेव्हा उंच गाड्या पण बुडाल्याच. गाडीखाली किती जागा आहे याने पाण्यात काही वाचत नाही, हवा आत घ्यायचं तोंड किती वर आहे ते महत्त्वाचं. तिथून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन गेलं. पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्ट करू नका, कुठल्याही शेपची असो.

जांभ्याचा चिरा (गुहागर)
वाशिष्ठीकाठ, हे बाबांना वाचून दाखवलं. ताई, वासाचा मुद्दा मी धरलाच नव्हता, इकोमध्ये तर तो सगळ्यात जास्त येणार. पण बाबा महिन्यातून एकदा हायवेला जातात आणि रोज तो चढ चढतात, म्हणून सेडान आमच्या घरी बसत नाही. कलमवाले, कातळाचं बरोबर, आमच्याकडे कातळ नाही, शेवाळ आहे. तरी बाबा सत्तरीचे आहेत, बोलेरोत चढताना त्यांचा गुडघा किती दुखतो ते बघितल्याशिवाय ठरवणार नाही. रविवारी इको आणि बोलेरो दोन्ही गाड्या घरापर्यंत मागवल्यात, मागे चौघं बसवून, चढ ओला असतानाच.

कलमवाला देवगड
फूटस्टेप लावून घ्या, माझ्या आईसाठी मी लावलाय. आणि उतरताना पहिल्या गियरमध्येच उतरवून बघा, नुसतं चढवून परत देऊ नका.