माईक नसलेलं गाणं बेळगावात कुठं ऐकायला मिळतंय?

माग_बंद
नमस्कार मंडळी. मी वडगावचा, घरात दोन पॉवरलूम, म्हणजे लहानपणापासून खडखडाटातच झोपलेला माणूस. गाण्यातलं मला फार कळतंय असं नाही, यमन नि भूप हे दोन राग सोडून पुढं गाडी जात नाही. खरं परवा गुरुपौर्णिमेला बहिणीच्या गाण्याच्या बाईंकडं गेलतो, आमच्याच गल्लीत माडीवर, चाळीसेक माणसं, सतरंजी, खाली सगळ्या घरात माग चालू म्हणून बाईंनी माईक लावलेला आणि खिडकीत एक काळा स्पीकर. पोरांची गाणी झाली, मग बाई स्वतः बसल्या, दहा मिनिटं झाली असतील नसतील आणि करंट गेला.

आता करंट जाणं आम्हाला नवीन नाही ओ, खरं त्या दिवशी माईक गेला, पंखा गेला, तानपुऱ्याची मशीन गेली आणि सगळ्यात मोठं म्हणजे खालचे माग थांबले. अख्खी गल्ली गप्प. बाई थांबल्या नाहीत, पेटीवाल्या काकांनी नुसता सा धरून ठेवला आणि त्या गातच राहिल्या, कौलावर बारीक पाऊस. मी चौथ्या ओळीत होतो, तिथं मला बाई श्वास कुठं घेतात ते ऐकू आलं, डग्ग्यावर मनगट घासतंय ते ऐकू आलं. वीस मिनिटांनी करंट आला तर एरवी सगळे "आलाऽऽ" करून ओरडतात की नाही, त्या दिवशी कोण ओरडलं नाही, एका काकूंनी गुपचूप उठून माईकचं बटण बंद केलं. खरं खाली माग परत सुरू झाले, मग काय, संपलं.

त्यानंतर एका मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रमाला गेलो, गाणारे नावाजलेले, तिकीट काढून. तबला छातीत बडवल्यासारखा, गाणाऱ्यांचा आवाज डाव्या भिंतीतनं येतोय आणि माणूस बसलाय मध्ये. इंटरवलला उठून आलो. माझेच कान बिघडले काय? आणि तसं गाणं आपल्याकडं अजून कुठं होतं काय?

काळी_दोन
कान बिघडले नाहीत, सुधारले. मी पेटी वाजवतो, हौशी, नोकरी सांभाळून.

जुन्या नाटक कंपन्यांच्या काळात माईक नव्हताच. शेवटच्या रांगेतल्या, स्वस्त तिकिटाच्या पिटातल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे म्हणून वरच्या पट्टीत गायचे, आवाज फेकायचे, ती एक वेगळीच तालीम होती. माईक आला आणि पट्ट्या खाली उतरल्या, आता पुरुष गाणारे सर्रास काळी एक, काळी दोनवर (म्हणजे पेटीच्या त्या काळ्या पट्टीला सा धरून) बसतात. वाईट झालं असं नाही म्हणत मी, खर्जातलं बारीक काम त्यामुळंच पोचतंय. खरं पेटीचं सांगतो, पेटीला माईक लागला की ती गाणाऱ्याच्या मागं राहतच नाही, डोक्यावर बसते. आपल्या गावात पेटीवाले रामभाऊ विजापुरे मास्तर होऊन गेले (२०१० ला गेले), किती पोरं त्यांनी तयार केली. त्यांच्या उमेदीची वर्षं कुठली बघा, रेडिओनं १९४० ला पेटीवर बंदी घातली ती ढिली व्हायला १९७१ उजाडलं. कारण काय तर म्हणे पेटीला मींड, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, आणि सूर साहेबाच्या, म्हणजे विलायती वाद्याच्या मापाचे. बोला आता. तेव्हा आकाशवाणीवर पेटी नाही आणि इकडं आमच्या गल्लीबोळात पेटीशिवाय गाणं नाही, देवळात पेटी, शाळेत पेटी, भजनात पेटी.

तुमच्या त्या पेटीवाल्या काकांना नमस्कार सांगा. नुसता सा धरून भाता मारत वीस मिनिटं बसणं, मध्ये हात शिवशिवत असताना, सोपं नाही हो. आणि तेही आषाढात, आपल्या पावसात पट्ट्या फुगून अडकतात, तबला उतरून ढब ढब करायला लागतो. माझ्या कपाटात दिवाळीपर्यंत चाळीसचा बल्ब जळतो, बायको म्हणते पेटीला हीटर आणि आम्हाला गार पाणी.

साऊंड_लाईट_मंडप
वाचलं सगळं. आता आमची पण बाजू ऐका, मी पंधरा वर्षं साऊंड लावतो, गणपतीचं पण, शिवजयंतीच्या चित्ररथांचं पण आणि बैठकीचं पण.

माग_बंद भावा, तू चौथ्या ओळीत म्हणजे गाणाऱ्यापासून दहा-बारा फुटावर होतास. तेच सातशे माणसांच्या हॉलमध्ये शेवटच्या खुर्चीवर बसून सांग बघू माईक नको म्हणून. वर पंखे, बाहेर रिक्षा, वर पत्रा असला तर पावसाचा वेगळाच तबला. आपल्या सुळेभावीत जन्मले ते कुमार गंधर्व, रेल्वेनं जाताना स्टेशन लागतं बघा, त्यांना १९४७ ला टीबी झाला, पाच-सहा वर्षं गाणंच बंद, नंतर गायले ते छोट्या छोट्या तुकड्यात, एकदम हळू सोडलेला सूर. तो सूर मागच्या रांगेला कोण नेणार? माईकच की.

चूक माईकची नाही, चूक आहे आवाज कोणासाठी लावायचा ह्याची. स्टेजवरनं गाणारे हात वर करतात, मॉनिटरमध्ये (त्यांच्याकडं तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) तानपुरा द्या. तबलजी म्हणतो मला माझं ऐकू येत नाही. मी वाढवतो. मग गाणारे म्हणतात तबल्याखाली माझं दबतंय. परत वाढवतो. सगळ्यांचं वाढवून झालं की शिट्टी वाजते आणि अख्खा हॉल मान वळवून माझ्याकडं बघतो, जणू मीच बेसूर झालोय. त्यात पहिल्या रांगेतले कोणीतरी साहेब माणूस पाठवतात, "आवाज अजून सोडा म्हणावं". कार्यक्रमाच्या आधी हॉल मिळतो अर्धा तास, त्यात हारतुरे नि समई ठेवणाऱ्यांची लगबग, साऊंड चेक कधी करायचा?

एक कबूल करतो. एका बैठकीला, दीडशे माणसं असतील, एक म्हातारे तबलजी आले आणि मला जवळ बोलवून म्हणाले, माझे दोन्ही माईक समोर असू देत, खरं चालू करू नकोस, आणि कोणाला सांगू पण नकोस. केलं तसं. कोणाच्या लक्षात आलं नाही, उलट लोक सांगून गेले आज तबला मस्त लावलास. तेव्हापासून छोट्या कार्यक्रमाला मी गुपचूप कमीच ठेवतो.

खानापूरची_लेक
तुम्ही सगळे हॉल हॉल काय करालालात, खेड्यात या की.

आमचं गाव जांबोटीच्या बाजूला. एकादशीला रात्री देवळाच्या सोप्यात भजन असतं, माईक नाही कारण प्लग पॉइंटच नाही, एक ट्यूब आहे ती पण डोळे मिचकावते. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक मळून लावतात, ती कणीक आमच्या घरनं जाते, लहान असताना मीच वाटीतनं घेऊन जायचे आणि वाटेत थोडी खायचे. रूपाच्या अभंगापासनं, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाच्या वर्णनापासनं सुरुवात, मध्यरात्रीनंतर गवळणी, आणि पहाटे भैरवी होईस्तोवर निम्मी माणसं खांबाला टेकून झोपलेली, टाळ मात्र हातात चालूच. बेसूर पण होतं बरं का, बाबांचा आवाज तर अर्धा सूर खालीच असतो, खरं वीस टाळात कोण बघतंय. शेजारचे अज्जा कन्नडच, ते मध्ये एखादं पुरंदरदासांचं पद म्हणतात, आमच्या माणसांना सगळे शब्द कळत नाहीत तरी धृपद सगळे उचलतात. कोण भाषेचं काय काढत नाही तिथं, निदान एकादशीला तरी.

खरं एक सांगते, माग_बंद दादा, तुम्ही श्वास ऐकू आला म्हणालात तसलं आमच्याकडं मिळणार नाही. आमच्याकडं सगळेच गातात, ऐकणारा कोण नसतोच. नुसतं बसून ऐकालालाय म्हटल्यावर पाच मिनिटात तुमच्या हातात टाळ देतील.

माग_बंद
बरोबर आहे साऊंडवाले भाऊ, शेवटच्या खुर्चीचा विचार मी केलाच नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला माईकपेक्षा माग बंद झाल्याचं जास्त वाटलं असणार. चाळीस वर्षांत माझ्या गल्लीला आवाज नसला तर कशी असते ते करंट जाऊन पण कधी माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता बाईंना विचारलंय, रविवारी संध्याकाळी आमचे दोन मी बंद ठेवतो, शेजाऱ्यांना पण सांगून बघतो, दोन तास बसता काय म्हणून. बाई हसल्या, नाही म्हणाल्या नाहीत. शेजारी मात्र म्हणालाय, दोन तासाचं कापड तू देणार काय.

खानापूरच्या ताई, टाळ चालेल. काळी_दोन काका, तुम्ही पण येणार काय? एकादशीला संध्याकाळी जांबोटीकडं शेवटची बस किती वाजता सुटते तेवढं सांगा.

खानापूरची_लेक
बसचं बघून सांगते. यायचं तर येताना छत्री नको, रेनकोट आणा, आमच्या पावसात छत्री उलटी होते. आणि काका, पेटी आणू नका, ओल धरेल, इथली आहे एक, दोन सूर मुके आहेत तिचे.

काळी_दोन
कुठले दोन? तेवढं विचारून ठेवा, स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतो.