म्युऑनचं कोडं सुटलं की नुसतं बाजूला ठेवलं?

वावरातला मास्तर (धागाकर्ता)

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. 7 एप्रिल 2021 ला रात्री साडेआठला मोबाईल घेऊन गच्चीवर बसलो होतो, कारण आमच्याकडे रेंज काय ती गच्चीवरच मिळते. अमेरिकेतल्या फर्मिलॅब प्रयोगशाळेने त्या रात्री म्युऑन या कणाच्या चुंबकीय आघूर्णाचं, म्हणजे तो किती जोराचा चुंबक आहे याचं, मोजमाप जाहीर केलं. हे आणि अमेरिकेतल्याच ब्रुकहेवन प्रयोगशाळेचं जुनं मोजमाप मिळून आलेला आकडा आणि सिद्धान्ताने काढलेला आकडा यांत 4.2 सिग्माचा, म्हणजे दोन्हींतल्या संभाव्य चुकीच्या 4.2 पट, फरक निघाला. दुसऱ्या दिवशी ऑनलाइन तासाला मी पोरांना सांगितलं, आपल्याला अजून ठाऊक नसलेला एखादा कण किंवा एखादं बल निसर्गात असावं. फार आनंदाने सांगितलं.

जून 2025 मध्ये फर्मिलॅबचा शेवटचा आकडा आला. त्याच्या आठवडाभर आधी सिद्धान्तवाल्यांनीही आपला सुधारित आकडा दिला होता. आता फरक उरलाय 0.6 सिग्मा, म्हणजे नसल्यातच जमा. त्या ऑनलाइन वर्गातली एक मुलगी आता अमरावतीला एम.एस्सी. करते. तिने फोन करून विचारलं, "सर, मग तेव्हा चुकलं काय?" तिला जे सांगितलं तेच इथे मांडतो, कारण माझ्या ओळखीतले बरेच शिक्षक "सिद्धान्तवाल्यांनी आकडा फिरवला" असं म्हणून मोकळे होतात आणि ते मला पटत नाही.

आधी थोडक्यात प्रकरण. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा थोरला भाऊ, 207 पट जड, आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. वैश्विक किरणांमुळे वर हवेत तयार होतात आणि दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक या हिशेबाने आपल्या अंगावर पडत असतात. डिरॅकच्या 1928 च्या समीकरणाप्रमाणे त्याच्या चुंबकत्वाचा जी हा आकडा बरोबर 2 यायला हवा. प्रत्यक्षात तो किंचित जास्त येतो, कारण पोकळी रिकामी नसते. म्युऑनभोवती क्षणभर कण उपजतात आणि विरतात. जी 2 पेक्षा जितका जास्त येतो त्याच्या निम्म्याला विचलन म्हणतात, आणि इथले आकडे त्याचेच आहेत. श्विंगरने 1948 मध्ये त्यातली पहिली आणि सगळ्यात मोठी भर काढली, 0.00116. पुढची बरीचशी भर विद्युतचुंबकीय आहे आणि कागदावर काढता येते. अडतं ते क्वार्कशी, म्हणजे प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात त्या कणांशी. म्युऑनने सोडलेला फोटॉन क्षणभर क्वार्क-प्रतिक्वार्कची जोडी होतो आणि परत फोटॉन होतो. ही भर एकूण विचलनाच्या दहा लाखांत 60 भाग एवढीशी, पण सिद्धान्ताची जवळपास सगळी अनिश्चितता तिच्यातच दडलेली.

ती काढायचे दोन मार्ग. जुना मार्ग असा: इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींत हेड्रॉन, म्हणजे क्वार्कचे बनलेले कण, किती निघतात हे वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी मोजलंय, त्या मोजमापांवरून भर काढायची. नवा मार्ग जाळीचा. विल्सनने 1974 मध्ये दाखवला, पण एवढी अचूकता गेल्या काही वर्षांतच हाती आली. आमच्याकडे चौफुलीवर कपाशी लावणारा आधी वावरात उभे-आडवे तास काढतो आणि रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे सरकी टोबतो. अगदी तसंच इथे अवकाश आणि काळ चारही दिशांनी आखून घेतात. क्वार्क फुलीवर बसतात, आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन दोन फुल्यांमधल्या रेघेवर. महासंगणक ग्लुऑनच्या हजारो मांडण्या करतो, प्रत्येकीत क्वार्कजोडी कशी वागते ते मोजतो आणि सरासरी काढतो. मग फुल्यांमधलं अंतर कमी-कमी करत नेतात, आखलेला सगळा डबा मोठा करत नेतात, आणि अंतर शून्य, डबा अमर्याद झाला तर उत्तर काय येईल ते ठरवतात.

आकडे दहा-अब्जांश एककांत देतो. जुन्या मार्गाने ही भर 2020 मध्ये 693.1 आली. 2025 च्या आकड्यात जाळीवरून 713.2 घेतली आहे. यात नऊ दशांशांहून जास्त वाटा अप आणि डाऊन या हलक्या क्वार्कचा, स्ट्रेंजचा सुमारे 53, चार्मचा सुमारे 15. शिवाय एक वजा वाटा असतो. दोन वेगळ्या क्वार्क-वळ्या फक्त ग्लुऑनने बांधलेल्या असतात, तो तेराच्या पुढेमागे वजा होतो, आणि काढायला सगळ्यात त्रासदायक.

माझं मत असं: फर्मिलॅबचं मोजमाप तेव्हाही खरं होतं. जाळीचा आकडा धरण्याचा निर्णय योग्य आहे आणि त्याला माघार म्हणणं अन्याय आहे. तुमचं काय मत?

बेंबळाकाठ

मास्तर, समजावून छान सांगितलंत, पण निष्कर्ष मला मान्य नाही. ब्रुकहेवनचं मोजमाप 2006 पासून छापलेलं होतं. सिद्धान्ताचा आकडा किती कमी पडतोय हे साऱ्या जगाला माहीत होतं. अशा वेळी जाळीमुळे सिद्धान्ताचा आकडा 20 एककांनी सरकतो आणि नेमका मोजमापाच्या दिशेने सरकतो. बारावीच्या पेपरात उत्तर आधी बघून कुणी रीत लिहिली तर तुम्ही मार्क देता का? मी पण शिक्षक आहे, मी देत नाही. कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. पण उत्तर ठाऊक असलं की माणूस ते मिळेपर्यंत चुका शोधतो आणि मिळालं की शोधणं थांबवतो. मला भीती आहे ती या थांबण्याची.

वावरातला मास्तर

भीती रास्त आहे, म्हणून तारखा बघू. बुडापेस्ट-मार्सेय-वुपर्टाल गटाने आपला जाळीचा आकडा फेब्रुवारी 2020 मध्येच जाहीर केला होता, फर्मिलॅबच्या निकालाच्या तेरा महिन्यांहून जास्त आधी. नेचर या विज्ञान-नियतकालिकात तो 7 एप्रिल 2021 लाच आला, फर्मिलॅबच्या निकालाच्याच दिवशी. ब्रुकहेवनचा आकडा त्यांना माहीत होता, हे मान्य. पण त्या काळात वारं उलट्या दिशेने होतं. सगळ्यांना नवा कण हवा होता. 2020 च्या सर्वसंमत आकड्यात यांचा आकडा धरलाच गेला नाही.

आणि शोधणं थांबलं म्हणता, तर ते थांबलेलं नाही. पूर्ण भर काढणं अवघड म्हणून वेगवेगळ्या गटांनी आधी तिचा एक मधला तुकडा घेतला, क्वार्कजोडी 0.4 ते 1 फेमटोमीटर (साधारण प्रोटॉनच्या आकाराएवढं अंतर) जाते तेवढ्यापुरता. त्यात गोंगाटही कमी आणि जाळीची चूकही कमी. 2022 पासून एकेका गटाने तो तुकडा काढला. क्वार्क जाळीवर मांडण्याची प्रत्येकाची रीत वेगळी, संगणक वेगळे, माणसं वेगळी. आकडे एकमेकांशी जुळले आणि जुन्या मार्गाच्या आकड्याहून सगळेच वर आले. नंतर अनेक गटांनी आपला आकडा स्वतःपासूनच झाकून ठेवला. गणितात एक गुप्त गुणक घालायचा, सगळ्या तपासण्या आटोपल्यावरच तो काढायचा. वेगवेगळ्या गावच्या पाच पोरांनी वेगवेगळ्या रीतीने, एकमेकांचं न बघता तेच उत्तर आणलं तर मी मार्क देईन.

पऱ्हाटी

मास्तर, दोनदा वाचलं. मी बारावी सायन्स केलं, पुढं शिकलो नाही, सात एकर कोरडवाहू वावर करतो. मले दोन गोष्टी सांगायच्या हायेत.

पयली पैशाची. एवढ्या मोठ्या मशिनी, एवढे संगणक, अन् शेवटी उत्तर काय, तर फरक नाही. इकडं कापसाले भाव नाही. तुमच्या शाळंतल्या पोट्ट्याइले याच्यातलं काय कामी पडन?

दुसरी गोष्ट मले जास्त खटकून रायली. आमच्याकडं पैसेवारी निंगते. आधी नजरअंदाज, मंग सुधारित, मंग अंतिम. नजरअंदाज म्हणजे धुऱ्यावर उभं राहून पाहिलेलं. पीक कापणी प्रयोग म्हणजे ठरलेला तुकडा कापून, झोडपून, वजन केलेलं. वाद झाला तर आमी कापणीचा आकडा मागतो, कारण तो माल काट्यावर चढलेला असते. आता तुमचा जुना मार्ग म्हणजे टकरी करून मोजलेला, म्हणजे कापणीवाला. अन् जाळीवाला तर संगणकातून निंगालेला. मंग तुमी काट्यावरचं सोडून कागदावरचं धरता, ते काहून?

वावरातला मास्तर

भाऊ, या धाग्यावरचा सगळ्यात अवघड प्रश्न तुम्ही विचारलात.

कापणी झाली हे खरं, पण एकाच वावरात तीन जणांनी कापणी केली आणि तीन वजनं आली. सगळ्यात मोठा वाटा असतो दोन पायऑन, म्हणजे सगळ्यात हलके हेड्रॉन, निघण्याचा. तो इटलीतल्या क्लोई प्रयोगाने मोजला, अमेरिकेतल्या बाबारने मोजला. दोघांचं आपसात जुळत नव्हतंच. तरी सरासरी काढून, चूक थोडी वाढवून काम चाललं. मग फेब्रुवारी 2023 मध्ये रशियात नोवोसिबिर्स्कच्या सीएमडी-3 प्रयोगाचा आकडा आला, तो या सगळ्यांहून वर. इतका वर, की तो एकटा धरला तर म्युऑनमधला फरक जवळपास मिटतो. काट्यांचंच आपसात जुळत नसेल तर त्यांची सरासरी म्हणजे वजन नव्हे.

आणि जाळी म्हणजे नजरअंदाज नाही. क्वार्कचं समीकरण, आणि पायऑन, केऑनसारख्या मोजक्या कणांची मोजलेली वस्तुमानं, एवढंच आत घालतात. तेही काट्यावरचंच आहे.

पैशाचं म्हणाल, तर याच म्युऑनने 2017 मध्ये इजिप्तच्या खुफू पिरॅमिडमधली मोठी पोकळी दाखवली, दगड न फोडता. कापसाच्या भावावर याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि मी ते आणणारही नाही.

जाळीकाम

माझं गाव आर्वीजवळ, पीएच.डी.चं काम जाळीवरचंच. बाजू माझ्या विषयाची मांडली जातेय, तरी मास्तरांच्या एका वाक्याला माझा विरोध आहे: "फरक नसल्यातच जमा".

आकडे शेजारी ठेवून बघा. 2021 मध्ये फरक 25.1 एककं होता, चूक 5.9. आता फरक 3.8, चूक 6.3. प्रयोगाची चूक तर घटली. फर्मिलॅबचा शेवटचा आकडा अब्जात 127 भागांइतका अचूक आहे. एक किलोमीटर धुरा मोजताना 0.127 मिलिमीटरची चूक म्हणा. वाढली ती सिद्धान्ताची चूक, 4.3 वरून 6.2. म्हणजे फरक आक्रसला तसा आपला दोराही जाड झाला. आज सिद्धान्त प्रयोगाच्या चौपट ढोबळ आहे. 4-5 एककांचा खरा फरक असला, तर तो या जाडीत सहज लपेल.

जाडी कुठून येते तेही सांगतो, रोज त्याच्याशीच झगडतो. जाळीला स्वतःचं माप नसतं. संगणकाला नुसत्या फुल्या ठाऊक. दोन फुल्यांत अंतर किती हे ठरवायला आम्ही उदाहरणार्थ ओमेगा बॅरिऑन या तीन क्वार्कच्या कणाचं वस्तुमान जाळीवर काढतो आणि ते मोजलेल्या 1672 मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टशी (कणांचं वस्तुमान याच एककात सांगतात) जुळवतो. त्या अंतरात अर्धा टक्का चूक झाली की म्युऑनच्या आकड्यात जवळपास 1 टक्का, म्हणजे 7 एककं. एवढ्यात सगळा खेळ उलटतो. दुसरं, क्वार्कजोडी जितकी लांब जाते तितका तिचा संकेत झपाट्याने विरतो, गोंगाट मात्र त्या मानाने कमी होत नाही. 2 फेमटोमीटरच्या पुढचा आलेख उघडला की बिंदूंच्या चुकांच्या दांड्या अख्ख्या पडद्यावर पसरतात. त्या शेपटीतला वाटा लहान, पण लागणारा संगणकाचा वेळ प्रचंड.

म्हणून जाळीचा आकडा घेणं मला मान्य आहे. पण टकरींचा आकडा इतका वेगळा का, हे समजल्याशिवाय "योग्य निर्णय" असं शिक्कामोर्तब मी करणार नाही. तो तात्पुरता निर्णय आहे. पऱ्हाटी भाऊंचा आक्षेप अजून जिवंत आहे.

वावरातला मास्तर

सिद्धान्ताची चूक वाढली हे मी त्या मुलीला सांगितलं नव्हतं. आज रात्री फोन करून सांगतो. "फरक नसल्यातच जमा" हे वाक्य मागे घेतो.

निर्णयाबद्दल मात्र माझं मत तेच आहे. जुळत नसलेल्या मोजमापांच्या सरासरीपेक्षा जाड पण खरा दोरा मला बरा वाटतो.

बेंबळाकाठ

आकडा झाकून काम करायची पद्धत मला माहीत नव्हती. तेवढ्यापुरती माझी तक्रार मागे. पण झाकलेल्या आकड्यालाही एक गोष्ट झाकता येत नाही: बाकीच्या गटांचा आकडा सगळ्यांना ठाऊक असतो. जाळीबाहेरची तपासणी झाल्याशिवाय माझं समाधान होणार नाही. अशी काही होते आहे का?

जाळीकाम

होते आहे. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत म्युऑनई नावाच्या प्रयोगाची तयारी चाललीय. त्यात म्युऑन थेट इलेक्ट्रॉनवर आदळवून हीच क्वार्कची भर मोजायची, ना हेड्रॉन मोजायचे, ना जाळी. जपानमध्ये जे-पार्क प्रयोगशाळेत म्युऑनचं आघूर्णच अगदी वेगळ्या रीतीने मोजायचा बेत आहे. दोन्हींना वर्षं लागतील.

पऱ्हाटी

पैशाचं माझं म्हणणं कायम हाय, ते सांगून ठेवतो. पण एक सांगा. आमच्याकडं दोन कापण्यांत फरक आला तर गावातले पाच लोक घेऊन पुन्हा त्याच वावरात जातेत, तुकडा कुठून घेतला, माल ओला होता का, काटा कोणता होता, सारं पाहतेत. या तीन प्रयोगाइच्या वावरात पुन्हा कोनी गेलं का नाही?

जाळीकाम

गेले आहेत, भाऊ. टकरीतून निघालेले फोटॉन हिशेबात बरोबर धरले होते का, इथूनच सुरुवात केलीय. क्लोई आणि बाबारच्या जुन्या साठवलेल्या नोंदी, आकडा झाकून, पुन्हा तपासायला घेतल्या आहेत. माल ओला होता की काय, तेच बघणं चाललंय.