संदर्भग्रंथ पारखायचा कशावरून, नावावरून की नोंदीवरून?

पानोपानी (धागाकर्ता)

ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी संदर्भसाधनांच्या मूल्यमापनाचे निकष घडाघडा सांगता येतात: अधिकृतता, व्याप्ती, मांडणी, अद्ययावतता, बाह्यांग (कागद, छपाई, बांधणी), किंमत. निकष बरोबरच आहेत. माझी तक्रार ते वापरण्याच्या रीतीबद्दल आहे. प्रकाशक नामवंत, संपादक मंडळात मोठी नावं, साल अलीकडचं, एवढं पाहिलं की कोश दाखल होतो आणि संदर्भ विभागात जाऊन बसतो. आतली एक नोंदसुद्धा कुणी नीट वाचलेली नसते.

याचे परिणाम काय होतात त्याचं एक जुनं उदाहरण देतो. 'अ‍ॅपलटन्स सायक्लोपीडिया ऑफ अमेरिकन बायोग्राफी' हा सहा खंडांचा चरित्रकोश १८८७ ते १८८९ या काळात निघाला. प्रकाशक प्रतिष्ठित होता, संपादकही नावाजलेले होते. १९१९ साली जॉन हेंडली बार्नहार्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की त्यातले १४ वनस्पतिशास्त्रज्ञ कधी जन्मालाच आलेले नव्हते. लेखकांना मजकुराच्या लांबीवर मानधन मिळत होतं आणि आलेला मजकूर कुणी पडताळत नव्हतं. पुढे इतरांनीही अशा बनावट नोंदी शोधल्या, आकडा ४० च्या वर गेला. म्हणजे तीस वर्षं हा कोश ग्रंथालयांतून दिमाखात उभा होता, अधिकृततेच्या निकषावर पूर्ण उतरलेला. तो उघडा पडला तो विषयाच्या जाणकाराने नोंदी वाचल्या तेव्हा.

सालाचंही तसंच. 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका' या इंग्रजी विश्वकोशाच्या चौदाव्या आवृत्तीनंतर नवी आवृत्ती काढण्याऐवजी दरवर्षी थोडा थोडा मजकूर सुधारून पुन्हा छापायची पद्धत पडली. शीर्षकपानामागे छापलेलं साल ताजं, पण आतले कितीतरी लेख जुन्या आवृत्त्यांतून तसेच चालत आलेले. हार्वी आइनबाइंडर यांनी १९६४ मध्ये या विषयावर अख्खं पुस्तक लिहून अशा लेखांची यादीच मांडली.

वर्णानुक्रमे निघणाऱ्या बहुखंडी कोशाची अडचण आणखी वेगळी. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा, शेवटचे खंड या शतकातले. आता सांगा, या कोशाचं 'साल' कोणतं धरायचं? 'अ'पासून सुरू होणाऱ्या विषयाचं आणि 'ह'पासून सुरू होणाऱ्या विषयाचं वय यांत एका पिढीचं अंतर आहे. हा विश्वकोशाचा दोष नव्हे, एवढं मोठं काम असंच होतं. पण 'अद्ययावत आहे का?' या प्रश्नाला अख्ख्या कोशासाठी एकच उत्तर देता येत नाही, इतकं तरी आपण मान्य करायला हवं.

म्हणून म्हणतो, कोश हातात आला की आधी प्रस्तावना वाचा. काय घेतलं आणि काय वगळलं हे प्रामाणिकपणे सांगितलेलं असेल तर तिथंच. मग स्वतःला चांगली ठाऊक असलेली एक नोंद वाचा. ऑगस्ट २००६ नंतरचा कोश असेल तर प्लूटो काढा. अजून नववा ग्रह म्हणून छापला असेल तर बाकीच्या विज्ञानाचं काय झालं असेल याचा अंदाज येतो. एखाद्या शहराची लोकसंख्या काढा आणि ती कोणत्या वर्षाची आहे हे लिहिलंय का ते बघा. वर्ष न देता आकडा देणारा कोश मी तरी घेणार नाही. एखादा वादग्रस्त विषय काढून दोन्ही बाजू आल्यात का ते पाहा. ज्या गोष्टीला स्वतंत्र नोंद नाही ती सूचीतून (इंडेक्समधून) सापडते का, तेही तपासा. ब्रिटानिकाची पंधरावी आवृत्ती १९७४ मध्ये सूचीशिवाय आली आणि सूची परत यायला १९८५ उजाडलं. मधली अकरा वर्षं संदर्भ विभागातल्या लोकांनी कशी काढली असतील!

तुमचं मत काय? विशेषतः ज्यांनी ग्रंथनिवड स्वतः केली आहे त्यांचं.

दाखलनोंद

पूर्णपणे असहमत. शांतपणे कारण सांगते.

निवडीच्या वेळी कोश बहुधा हातात नसतोच. असतो तो प्रकाशकाचा कॅटलॉग, एखादं परीक्षण आणि मंजुरीची मुदत. समजा नमुना प्रत मिळाली, तरी वीस खंडांत मी किती नोंदी वाचणार आणि कोणत्या विषयांतल्या? मी इतिहासाची. रसायनशास्त्राची नोंद चुकलीय हे मला कसं कळणार? अधिकृतता हा निकष आळसातून आलेला नाही. एका माणसाला सगळं तपासता येत नाही, म्हणून ज्यांनी आधी तपासलंय त्यांच्यावर भरवसा टाकायचा, एवढाच त्याचा अर्थ. संपादक मंडळ, नोंदीखाली लेखकाचं नाव, प्रकाशकाची आजवरची कामगिरी हे सगळं म्हणजे दुसऱ्या कुणीतरी केलेल्या तपासणीची पावतीच आहे.

अ‍ॅपलटन्सचं उदाहरण खरं आहे, पण ते लक्षात राहिलं ते अपवाद म्हणून. अपवादावरून नियम ठरवू नका.

तुमच्या पद्धतीतला मोठा धोका तर तुम्ही बोललाच नाहीत. जे तुम्हाला ठाऊक आहे तेच तुम्ही तपासणार. ब्रिटानिकाची १९१०-११ ची अकरावी आवृत्ती घ्या, जिची थोरवी आजही गायली जाते. मेरी क्युरी यांना १९०३ चं नोबेल मिळून गेलं होतं, तरी त्यांच्यावर स्वतंत्र नोंद नाही. पतीच्या नोंदीत ओझरता उल्लेख आहे. त्या वेळच्या ग्रंथपालाने तुमच्यासारख्याच चार नोंदी काढून पाहिल्या असत्या. त्यात मेरी क्युरी असत्या का? नसत्याच. कोशाच्या संपादकांना जे दिसलं नाही ते त्याच काळातल्या परीक्षकालाही दिसत नाही.

आडवी रेघ

दाखलनोंद यांच्या बाजूने एक पुरावा देतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातले सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यपडताळक आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांना संकेतस्थळांची विश्वासार्हता ठरवायला सांगितलं. इतिहासकार आणि विद्यार्थी समोरचं पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले आणि त्यातले बरेच फसले. पडताळक पानावर फार थांबलेच नाहीत. नवीन टॅब उघडून या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात, पैसा कुणाचा, मागे कोण आहे, हे त्यांनी आधी पाहिलं. ते लवकर आणि बरोबर निष्कर्षाला पोचले.

म्हणजे विद्वान माणसंही मजकूर बारकाईने वाचून फसतात. पानोपानी, तुमची सगळी भिस्त तर मजकूर वाचण्यावर आहे.

पानोपानी

आडवी रेघ, हा अभ्यास मला माहीत आहे आणि मी त्यातून उलट अर्थ काढतो. ते इतिहासकार कशाला भुलले? अधिकृत वाटणारं नाव, बोधचिन्ह, संकेतस्थळाचा पत्ता यांना. म्हणजे संस्था स्वतःबद्दल जे सांगते त्याला. आपण कोशाच्या शीर्षकपानावर संपादकांची नावं पाहून मान डोलावतो तेव्हा नेमकं हेच करत असतो. पडताळकांनी मजकूर बाहेरच्या स्रोताशी ताडून पाहिला. मीही नोंद वाचा म्हणतो ते ताडून पाहण्यासाठीच. एकच नोंद तीन कोशांत उघडून शेजारी शेजारी ठेवली की विषयातलं ज्ञान बेताचं असलं तरी विसंगती डोळ्यांत भरते. जन्मसाल वेगळं, आकडा वेगळा, एकाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्यात नाहीच. मग कोण बरोबर ते शोधता येतं.

दाखलनोंद, तुमचा मेरी क्युरींचा मुद्दा मात्र भारी आहे. त्यावर विचार करून लिहितो.

बदलांचा इतिहास

सगळे छापील कोशांवरच बोलताय. २०१० च्या ३२ खंडांनंतर ब्रिटानिका छापलीच गेली नाही, २०१२ मध्ये त्यांनी तसं जाहीरही केलं. आजचा वाचक आधी विकिपीडिया उघडतो आणि ग्रंथालयं अजून 'तो संदर्भ म्हणून चालत नाही' एवढंच सांगून मोकळी होतात.

'नेचर' या विज्ञान-नियतकालिकाने डिसेंबर २००५ मध्ये विज्ञानाच्या ४२ विषयांवरचे विकिपीडिया आणि ब्रिटानिकातले लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. गंभीर चुका दोन्हींकडे चार-चार. लहान चुका, वगळलेल्या आणि दिशाभूल करणाऱ्या गोष्टी विकिपीडियात १६२, ब्रिटानिकात १२३. ब्रिटानिकाने या तपासणीवर कडक आक्षेप घेतले, नेचर आपल्या म्हणण्यावर ठाम राहिलं. आकड्यांवर वाद घालत बसू नका. लक्षात घ्यायची गोष्ट ही की नावाने जेवढं अंतर वाटत होतं तेवढं नोंदींमध्ये निघालं नाही.

मूल्यमापनाच्या सोयीचं म्हणाल तर कुठलंही वाक्य कधी आलं, कुणाच्या खात्यातून आलं, कुणी काढलं, त्यावर काय वाद झाला, हे विकिपीडियात उघड आहे. पैसे मोजून घेतलेल्या डेटाबेसात काय दिसतं? 'शेवटचा बदल' म्हणून एक तारीख. स्वल्पविराम बदलला तरी ती तारीख ताजी होते आणि आधी काय लिहिलं होतं ते कुणालाच कळत नाही.

दाखलनोंद

त्या ४२ विषयांत कोणते विषय होते? विज्ञानाचे, इंग्रजीतले. तिथं शेकडो जाणकारांची नजर असते. छोट्या भाषेतल्या, चार लोकांनीच पाहिलेल्या लेखाला तो निकाल लावू नका. बदलांचा इतिहास दिसतो हे खरं, पण वाचकाला उत्तर आज हवं असतं, त्या वाक्याची वंशावळ नव्हे. वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचं चौथं सूत्र १९३१ पासून आपण पाठ करतोय ना?

विश्वकोशाबद्दल एक भर. खंडांचं वय वाढतं हे तिथल्या लोकांनाही ठाऊक आहे, म्हणूनच विषयवार ज्ञानमंडळं (त्या त्या विषयातल्या तज्ज्ञांचे गट) नेमून नोंदी अद्ययावत करायचं काम त्यांनी हाती घेतलं. जबाबदार संस्था मागे असण्याचा फायदा तो हाच.

नवा वाचक

मधेच विचारतो. हे सगळं एआयला विचारलं तर? तोही आता संदर्भस्रोतच झालाय ना?

आडवी रेघ

नाही. संदर्भसाधन म्हणजे ज्याकडे बोट दाखवता येतं ते: अमुक कोश, अमुक खंड, अमुक पान. एआयला तोच प्रश्न पुन्हा विचारा, उत्तर बदलू शकतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटल्यांचे दाखले सादर केले. ते खटले झालेच नव्हते. ५,००० डॉलर दंड बसला. शोधाची सुरुवात करायला वापरा, पण शेवट छापील किंवा नोंदलेल्या स्रोतातच झाला पाहिजे.

पानोपानी

आता मेरी क्युरींबद्दल. परीक्षक स्वतःच्या डोक्याने नोंदी निवडेल तर त्याला आपल्या काळापलीकडचं दिसणार नाही, हे दाखलनोंद यांचं म्हणणं खरं आहे. मग नोंदी परीक्षकाने निवडूच नयेत. त्या वाचकांच्या प्रश्नांतून घ्याव्यात.

संदर्भ विभागाच्या टेबलावर दिवसभर प्रश्न येतात. बहुतेक ठिकाणी किती प्रश्न आले एवढंच लिहून ठेवतात. ज्यांचं उत्तर आपल्या संग्रहात मिळालं नाही किंवा मिळालं ते चुकीचं निघालं, ते प्रश्न शब्दशः लिहून ठेवा. नवा कोश विचारात आला की त्या वहीतले प्रश्न त्याला घाला. वाचक ग्रंथपालापेक्षा वेगळ्या जगातून येतो. ज्या स्त्रीबद्दल, ज्या जमातीबद्दल, ज्या आजाराबद्दल संपादक मंडळाला काही वाटलं नाही, त्याबद्दल विचारायला कुणीतरी त्या टेबलापाशी आलेलं असतं. त्याच अकराव्या आवृत्तीत कृष्णवर्णीयांवरचा लेख त्यांना बुद्धीने कनिष्ठ ठरवतो, आणि तो लेख अधिकृततेच्या तेव्हाच्या सगळ्या कसोट्यांना उतरलेला होता. तो ज्यांच्याबद्दल होता त्यांतल्या कुणाच्या प्रश्नावर त्याची परीक्षा झाली असती तर तो एका मिनिटात नापास झाला असता.

दाखलनोंद

अनुत्तरित प्रश्नांची वही ही सूचना मला पटली. खर्च काही नाही आणि पुढच्या निवडीच्या बैठकीत सरळ मांडता येईल.

पण नाव आणि साल आधी पाहायचं, नोंदी नंतर, हा क्रम मी सोडणार नाही. आणि दोन क्षेत्रांत तर नोंदी वाचत बसायलाही माझा विरोध आहे: औषधं आणि कायदा. तिथं आवृत्ती जुनी झाली की नोंद कितीही सुरेख असो, ग्रंथ खुल्या कपाटातून निघालाच पाहिजे. जुन्या मात्रेवर विसंबून कुणी औषध घेतलं तर त्याला आपली नमुना-तपासणी काय कामाची?

बदलांचा इतिहास

कपाटातून काढा, पण रद्दीत घालू नका. एखादं औषध विशिष्ट साली सुरक्षित मानलं जात होतं की नाही, हे फक्त त्या सालच्या आवृत्तीतच सापडतं. पैसे मोजून घेतलेल्या ऑनलाइन साधनात जुना मजकूर पुसला जातो. संशोधकाला तोच हवा असतो.

पानोपानी

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतील. खुल्या कपाटात चालू आवृत्ती, मागची भांडारात, आणि भांडारातल्या प्रत्येक खंडाच्या आतल्या पानावर 'माहिती अमुक सालापर्यंतची, उपचारासाठी वापरू नये' असा शिक्का. बहुखंडी कोशांना तर हा शिक्का खुल्या कपाटातही हवा, प्रत्येक खंडाला त्याच्या त्याच्या सालाचा. क्रमाबाबत आपलं जमणार नाही, दाखलनोंद. पण वही सुरू केलीत तर तीन-चार महिन्यांनी त्यातले प्रश्न इथं टाका. तुम्ही नावावरून निवडलेला कोश आणि मी नोंदींवरून निवडलेला कोश, दोन्हींना तेच प्रश्न घालून पाहू.

दाखलनोंद

टाकते. प्रश्न मात्र मी गाळणार नाही, आले तसे देईन.